कॅन्सरची चाळणी झाली, मनाचा ताप कोण मोजणार? हिंगोलीच्या निमित्ताने

जुलै २०२५ मध्ये आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधिमंडळात हिंगोलीचे आकडे सांगितले. ८ मार्चला सुरू झालेल्या ‘संजीवनी’ अभियानात २,९२,९९६ महिलांनी प्रश्नावली भरली आणि १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणं आढळली. घाईत वाचलं तर वाटतं, एका जिल्ह्यात साडेचौदा हजार बायकांना कॅन्सर! तसं नाही. पुढच्या तपासण्यांत तोवर निदान झालं ते बारा जणींचं: तोंडाचा आठ, गर्भाशयमुखाचा तीन, स्तनाचा एक.

यात प्रश्नावलीची चूक नाही. स्क्रीनिंग म्हणजे चाळणी, आणि पहिल्या चाळणीत खरा रुग्ण निसटू नये म्हणून बरेच निरोगी लोकही अडकतात. साधारण शंभरात पाच जणी अडकल्या.

मी अडकतो तो मधल्या दिवसांपाशी. मार्च-एप्रिल म्हणजे आपल्याकडे हळद शिजवायचे, वाळवायचे दिवस. सेनगावकडची एखादी बाई धरा. यादीत नाव आलंय, रिपोर्ट यायचाय. ती कामावर जाते, घरात बोलत नाही, रात्री झोपत नाही. ही घालमेल कुठल्या कागदावर येते?

ती मोजायचं एक साधं साधन आहे, ‘डिस्ट्रेस थर्मामीटर’. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या शेवटी आलं. जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा. कागदावर थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा. आज धरून गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, तिथे खूण करायची. चार किंवा जास्त आलं की कुणीतरी बसून बोलायचं. सोबत अडचणींची यादी: पैसा, प्रवास, मुलांना कोण सांभाळणार, भीती, झोप, दुखणं. माझ्या मते खरी ताकद आकड्यात नाही, या यादीत आहे. ‘सात’ म्हणणाऱ्या बाईला समुपदेशकाआधी कदाचित छत्रपती संभाजीनगरला जायचं भाडं आणि सोबत येणारं माणूस हवं असेल.

पण हे जसंच्या तसं मोबाइल फॉर्ममध्ये टाकलं की काम झालं, असं नाही बरं का. शून्य ते दहा ही शहरी सवय. आमच्याकडे ‘बारा आणे बरं वाटतंय’ म्हणतात. मग सोळा आण्यांत विचारून बघा की! फक्त मग ‘चार’ची रेघ कुठे ओढायची, हे इथल्याच बायकांवर तपासावं लागेल. नुसता गुणाकार चालणार नाही. दुसरं, शेजारी सासूबाई बसलेल्या असताना ‘मनाला त्रास होतो का गं?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘काही नाही ताई, बरंय सगळं.’ फॉर्ममध्ये शून्य पडणार आणि ते शून्य खोटं असणार.

तिसरी अडचण मोठी. चारच्या वर खूण केलेल्या बाईशी बोलणार कोण? तिच्यासाठी माणूस नेमला नसेल तर विचारणंच अन्याय आहे. दार उघडायला लावून आपण निघून गेल्यासारखं. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. यादीत नाव आल्याचा निरोप देतानाच हा नंबर आणि ‘यातल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो’ हे एक वाक्य सांगायला नवं ॲप लागत नाही. फोन घरात एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर नंबर कागदावर लिहून द्या.