बंदूक पुसा जरूर, दुरुस्ती मात्र कारागिराकडे!

भात पोटरीवर आलं की आपल्या सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याची रात्रीची झोप जाते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत लोळवून जातो. मग माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली येते. वर्षभर कोणी तिच्याकडे पाहिलेलं नसतं. नळीला तांबेरा, घोडा जाम, दस्त्याला वाळवी. घरातला तरणा मुलगा म्हणतो, ‘काय मोठंसं, मीच करतो दुरुस्त.’ आज लिहायचं आहे ते नेमकं या वाक्याबद्दल.

गेल्या हंगामात करप्याची पाहणी करायला एका वाडीत गेलो होतो. पडवीत एक मुलगा वडिलांची बंदूक मांडीवर घेऊन पॉलिश पेपरनं घासत बसला होता. शेजारी मोबाईल उभा करून ठेवलेला. त्यावर अमेरिकेतला कोणी गृहस्थ जुनी विंचेस्टर रायफल घरच्या घरी नवीसारखी करून दाखवत होता. मुलगा म्हणाला, “साहेब, बाबा गेल्याक दोन वर्सां झाली. तेव्हापासून हिका कोणी हात लावूक नाय.” मी सहज विचारलं, रिकामी आहे ना? तो म्हणाला, असणारच. नळीत लाकडी काठी सोडून पाहिली, ती तळापर्यंत गेलीच नाही. चांगली चार बोटं अलीकडेच अडली. म्हणजे वडिलांनी शेवटच्या रात्री ठासलेला बार तसाच आत होता, आणि नळीचं तोंड पोराच्या बरगडीकडे!

आम्ही बंदूक अलगद खाली ठेवली आणि पोलीस ठाण्यात कळवलं. पुढे परवानाधारक कारागिरानं आतला बार काढला. दोन पावसाळे गेले तरी दारू कोरडी ठणठणीत होती. काळी दारू नुसत्या वयानं मरत नाही. ती नळीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकते. हे ज्याला माहीत नाही त्यानं जुन्या ठासणीला हात लावू नये.

आता त्या मोबाईलमधल्या रायफलचं बघा. तिला चापाखाली एक दांडा असतो. तो खाली ओढून वर घेतला की नळीची मागची बाजू उघडते, जुनं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं. त्यामुळे नळीत काडतूस आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं. आपली ठासणी मागून कायमची बंद. दारू, बोळा, छर्रे सगळं तोंडातूनच ठासायचं, त्यामुळे आत काय आहे ते दिसायची सोय नाही. शिवाय अमेरिकेत स्वतःच्या बंदुकीची दुरुस्ती घरी करायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. आपल्याकडे लागतो. तिथलं पाहून इथं करायला गेलात तर एक तर जीव जाईल, नाही तर तुरुंग दिसेल.

कायदा काय म्हणतो? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, बदलणं आणि दुरुस्त करणं या कामांना वेगळा परवाना लागतो. पीक संरक्षणासाठी बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे ती दुरुस्त करण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. गावच्या लोहाराला किंवा वेल्डिंगवाल्याला ‘जरा एक टाका मार’ म्हणाल, तर तोही तुमच्याबरोबर अडकेल. कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी कापून आखूड करता येत नाही. आणि कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचा क्रमांक पुसणं हा गुन्हा आहे. पॉलिश पेपरनं तांबेरा काढता काढता तो क्रमांकही निघून जातो, हे लक्षात येतं का कोणाच्या?

कायदा बाजूला ठेवला तरी लोखंड काही माफ करत नाही. तांबेऱ्यानं नळीला आतून खड्डे पडलेले असतात. वरून घासून ती चकचकीत दिसते, पण खड्ड्याच्या जागी लोखंड पातळ झालेलं असतं ते जाड होत नाही. वेल्डिंगच्या आचेनं नळीचा कस बदलतो. घोड्याची झिजलेली खाच कानशीनं सारखी करायला गेलात तर घोडा चापाशिवायही सुटू शकतो. आणि काडतुसातली धूर न करणारी नवी दारू ठासणीत भरणं म्हणजे आत्महत्याच. तिचा दाब काळ्या दारूपेक्षा किती तरी जास्त, नळी तोंडाजवळच फुटायची.

मग घरी काहीच करायचं नाही का? करायचं, आणि ते दरवर्षी करायचं. ज्याच्या नावे परवाना आहे त्यानं बंदूक साफ ठेवलीच पाहिजे. आधी ती रिकामी असल्याची खात्री करा. निपलवर टोपी नाही ना ते बघा. नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा, स्वतःही बाजूला उभे राहा. लाकडी काठी हलकेच आत सोडा, ठोकू नका. तोंडाशी अंगठ्यानं खूण धरा आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावा. टोक निपलच्या जवळपास आलं तर नळी रिकामी. अलीकडेच राहिलं तर आत बार आहे असंच समजा, बंदूक खाली ठेवा आणि ठाण्यात कळवा. उकरत बसू नका.

नळी रिकामी असेल तर साबणाच्या कढत पाण्यानं धुवा. पाण्यानं बंदूक गंजेल ही समजूत काळ्या दारूच्या बाबतीत खरी नाही. ही दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग नळीत आणि धुरात घन रूपानं राहतो. त्यातले क्षार आपल्या कोकणच्या दमट हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड खातात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून बार काढला त्याच दिवशी धुवायचं, कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि शिलाई मशीनचं पातळ तेल लावायचं. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकटतं. दस्ता कोरडा करून अळशीचं तेल चोळा. एवढं केलं की तुमचं काम संपलं. घोडा, चाप, निपल, नळी यांत खोट असेल तर ते कारागिराचं काम.

वडील किंवा आजोबा परवानाधारक असतील तर आणखी एक काम आजच करा. परवानाधारक वारला की घरात बंदूक ठेवण्याचा हक्क आपोआप वारसाकडे येत नाही. ती लवकरात लवकर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानं अर्ज करायचा असतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर तो हयातीतच कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकासाठीही त्याला मारायचं तर वन विभागाची लेखी परवानगी आधी लागते.

सगळा दोष शेतकऱ्याच्या पदरात टाकणं मात्र बरोबर नाही. कायद्यानंच पीक राखण्यासाठी त्याला ठासणीची बंदूक दिली, पण ती नीट राहावी म्हणून सोय काय केली? परवानाधारक कारागीर गाठायचा तर भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. निवडणुका आल्या की छाननी होऊन बंदुका जमा कराव्या लागतात. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. दुसरीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, ऐन भातकापणीत. जमा काळात बंदुकीला तेलाचं बोट लावायची व्यवस्था नसेल, तर परत येते ती गंजूनच. मग मुलगा पॉलिश पेपर घेतो यात नवल काय?

उपाय अवघड नाही. दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस तपासणी शिबिर घ्यावं. महसूल, पोलीस, वन आणि आमचा कृषी विभाग एकत्र बसावेत, परवानाधारक कारागीर बोलवावा. चालण्याजोगी बंदूक दुरुस्त व्हावी, न चालणारी जमा करून घ्यावी आणि वारसांचे अर्ज तिथंच भरून घ्यावेत. ग्रामसभांनी तसे ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावेत. आम्ही कृषी खात्यातले लोक बियाण्याच्या उगवण तपासणीसाठी वाडीवाडीत जातो, मग या कामाला जायला हरकत नसावी.

तोवर एवढंच सांगणं. आज संध्याकाळी माळ्यावरची बंदूक खाली घ्याल तेव्हा आधी पोरांना अंगणात पाठवा, मग काठी घाला. पॉलिश पेपर तेवढा दुकानातच राहू द्या.