उत्तर लिहायचं राहिलं

सहावीत असताना मी ग्वाल्हेरच्या किल्ल्याविषयी सहा वाक्यं पोलंडला पाठवली. त्यातलं एकही माझं नव्हतं. बाबांचं पोस्टिंग तेव्हा ग्वाल्हेरच्या एअर फोर्स स्टेशनला होतं. आमच्या वर्गाने तिकडच्या एका शाळेशी पोस्टकार्डांची देवाणघेवाण ठरवली. टीचरनी मजकूर फळ्यावर लिहिला आणि आम्ही ४२ जणांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवला. किल्ला टेकडीवर आहे, फार जुना आहे, आम्हांला त्याचा अभिमान आहे, वगैरे. माझ्या बाकावरच्या मुलीने मात्र खाली उरलेल्या जागेत स्वतःचं एक वाक्य घुसडलं: माझी आजी गजकचा डबा उशाशी घेऊन झोपते. कार्ड खराब केलं म्हणून ती ओरडा खाऊन बसली. जादा कार्ड नव्हतं, म्हणून तेच गेलं.

तीन महिन्यांनी जाड पाकीट आलं. ४१ कार्डांवर, तुमचा किल्ला छान आहे. (त्यांच्याही फळ्यावर कुणीतरी लिहिलं असणार!) एकावर मात्र प्रश्न होते. गजक म्हणजे काय? आजी ते तुमच्यापासून लपवते का? तोवर वार्षिक परीक्षा आली होती. सगळी कार्डं बोर्डवर टाचली गेली, प्रोजेक्टला मार्क मिळाले, आणि त्या प्रश्नांना कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. तिच्या शेजारीच तर बसायचे.

मुलांना जग कळावं म्हणून पत्रं लिहायला लावा, असं आता पुन्हा ऐकू येतं. मला ते पटतं. पण शाळेत आपण पत्रलेखन शिकवतो, पत्रव्यवहार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात देशभरच्या विद्यार्थ्यांकडून पंतप्रधानांना ७५ लाख पोस्टकार्डं लिहून घेण्याची मोहीम झाली. मुलांच्या हातात कार्ड आलं, हे चांगलंच. पण ज्याला उत्तर येणार नाही हे आधीच ठाऊक आहे, ते पत्र म्हणजे पत्ता घातलेला निबंध.

रविवारी मिस्साला दुसरं वाचन बहुधा संत पौलाच्या पत्रातलं असतं. करिंथकरांनी त्याला आधी काहीतरी लिहून विचारलं होतं, हे त्याच्याच मजकुरातून कळतं. ते त्यांचं पत्र आज कुठेच नाही. वाचन ऐकताना माझं लक्ष हमखास तिकडे जातं: काय बरं विचारलं असेल? प्रश्न ठाऊक नसेल तर उत्तराचा निम्मा अर्थ निसटतो.

आणि जग शिकवायचंच, तर ग्वाल्हेरकडे सांगण्यासारखं किती आहे! किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासकट कोरलेला आहे. तोच शून्य वॉर्सातलं पोरगंही रोज वहीत काढतं, हे त्याला कळवायला नको? महाराज बाड्यावरच्या जुन्या पोस्टाच्या इमारतीसमोर उभं राहून तिकिटांची गोष्ट सांगता येते. १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर ग्वाल्हेर संस्थानाचं नाव इंग्रजीत आणि नागरीत वरून छापलं जायचं. काही तिकिटांवर इंग्रजी नावातल्या 'ओ'च्या जागी 'सी' पडला, आणि संग्राहक आजही त्या चुकीच्या मागे असतात. ही संस्थानी तिकिटं हिंदुस्थानात चालत, परदेशी जाणाऱ्या पत्राला चालत नसत. का चालत नसत, हे वर्गात विचारून बघा. १८७४ साली बर्नमध्ये २२ देशांनी करार केला. त्यानंतर पाठवणाऱ्या देशाचं तिकीट लावलं की तेवढ्यावर पत्र पार दुसऱ्या टोकाला पोचू लागलं. हिंदुस्थान १८७६ मध्ये त्यात आला. राष्ट्रं आपसांत कशी वागतात, याचा धडा त्या एका चिकटवलेल्या तुकड्यात आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मला तो इतका नीट कधी कळला नव्हता.

पोस्टक्रॉसिंग आमच्या हॉस्टेलवर बऱ्याच जणी करतात. २००५ मध्ये पोर्तुगालच्या पाउलो मागाल्याइश यांनी सुरू केलेला तो उपक्रम मलाही आवडतो. पण त्यात आपण लिहितो एकाला आणि कार्ड येतं भलत्याकडूनच. मोठ्यांना त्यात मजा येते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र तोच एक जण परत भेटायला हवा. वर्षभर तीच जोडी, चार-पाच फेऱ्या. पत्ता शाळेचा, घरचा नाही. फळा कोरा. टीचरनी फक्त एकच अट घालावी, प्रत्येक कार्डात एक प्रश्न हवाच.

सुरुवात पोलंडपासूनच करायला हवी असंही नाही. देशातलं साधं कार्ड अजून ५० पैशांना मिळतं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली माझ्या ओळखीची मुलं मराठी बोलतात, पण लिहायची वेळ आली की हिंदीत लिहितात. आमच्या वसईतली मुलं घरी बोलतात ती सामवेदी, आणि शाळेत इंग्रजी. या दोघांनी एकमेकांना मराठीत कार्डं लिहायची म्हटली, तर दोघांनाही थोडं अडखळावं लागेल, आणि मला नेमकं तेच हवंय. आपल्या मंडळाने यंदा अशा दोन शाळा जोडाव्यात, असं मी मागच्या मीटिंगमध्ये म्हटलं. "व्हॉट्सॲपवर पटकन होईल की," असं उत्तर आलं. पटकन होईल, खरंच.

बाकावरची ती मुलगी आता इंदूरला शिकते. गेल्या आठवड्यात तिला विचारलं, त्या पोलंडच्या मुलीचं नाव आठवतं का? नाव नाही आठवलं. आजी डबा का लपवायची, ते मात्र तिने लगेच सांगितलं. आजीला डायबेटिस होता.