चौरस ठिपक्यांचं सोवळं

जुने गेम एम्युलेटरवर खेळताना कुणी सीआरटी शेडर, म्हणजे चित्राला जुन्या काचेच्या टीव्हीचं रूप देणारा फिल्टर, लावला की शुद्धतावाद्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मूळ चित्र स्वच्छ, रेखीव असताना त्यावर काळ्या रेघा आणि धूसरपणा कशाला? हे निव्वळ स्मरणरंजन, असा त्यांचा निकाल.

पण हे रेखीव मूळ चित्र त्या काळी पाहिलं कुणी? 1991 सालचा ‘सॉनिक द हेजहॉग’ घ्या. सेगाच्या मेगा ड्राइव्हला अर्धपारदर्शक पाणी दाखवण्याची सोय नव्हती. म्हणून धबधब्यात एक उभी रेघ पाण्याची, पुढची मोकळी, अशी मांडणी केली. कॉम्पोझिट केबलमधून जाताना शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळत आणि पाण्याआडून मागचं दृश्य दिसू लागे. तेच चित्र आज एलसीडीवर ‘शुद्ध’ लावा. धबधब्याच्या जागी खिडकीचे गज दिसतात! सुपर निंटेंडोचं चित्र साधारणपणे 256 बाय 224 ठिपक्यांचं, आणि टीव्ही ते 4:3 पडद्यावर पसरवी. म्हणजे ज्या चौरस ठिपक्याची एवढी पूजा चालते, तो त्या पडद्यावर चौरस नव्हताच.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे. युरोपात स्कार्ट केबलने आरजीबी सिग्नल घेणाऱ्यांना धबधब्यातले पट्टे तेव्हाही दिसत. मान्य. पण त्यातून सिद्ध होतं ते इतकंच, की यंत्र, केबल आणि पडदा पाहून शेडर निवडावा. सीआरटी-रॉयलसारख्या शेडरने काचेमागची जाळी हुबेहूब उतरते, पण धबधबा जुळायचा तर कॉम्पोझिटची नक्कल करणारा एनटीएससी शेडरही सोबत जोडावा लागतो. शेडरने उजेड कमी होतो, ही तक्रारही खरी. पडद्याची ब्राइटनेस वाढवावी. पडदाही बारीक ठिपक्यांचा हवा: 1080 रेघांच्या पडद्यावर 240 रेघांच्या चित्रातल्या एका रेघेच्या वाट्याला साडेचार ठिपके येतात, 4के पडद्यावर नऊ. जाळी नीट उमटायला ही जागा लागतेच.

आणि शेडरवाल्यांनीही ताळतंत्र सोडू नये. गेम बॉयला स्वतःचा एलसीडी पडदा होता. त्यावर टीव्हीच्या रेघा ओढणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा. काच माठासारखी फुगवणारे तर विचारूच नका.

वाद घालण्याआधी एवढं करा: सॉनिक सुरू करून धबधब्यापाशी थांबा, दोन्ही शेडर लावून पाहा, मग काढून पाहा. त्यानंतरही गजच आवडले तर खुशाल आवडू द्या. फक्त त्यांना ‘मूळ’ म्हणू नका.