खरा कोंडणारा कोण?

परवा ‘स्प्लिट’ पुन्हा पाहिला. २०१७ साली पहिल्यांदा पाहिला तेव्हा घाबरलो होतो. या खेपेला चिडलो.

आधी एक कबुली. जेम्स मॅकव्हॉयने काम अफाट केलं आहे. स्वच्छतेचं वेड असलेला डेनिस, करारी पॅट्रिशिया, नऊ वर्षांचा बोबडा हेडविग... नुसती मान कलली, की समोरचा माणूस बदलतो! तीन मुलींना पळवून तळघरात कोंडणारा हा केविन. त्याच्यात तेवीस व्यक्तिमत्त्वं, आणि चोविसावं येऊ घातलेलं श्वापद. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन यांना भीती पिकवता येते, याबद्दल वाद नाही. माझा वाद ती कशावर पिकवली, याबद्दल आहे.

या आजाराचं ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ हे नाव अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९९४ साली बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ केलं. कारण एका देहात अनेक माणसं राहत नसतात. एकाच माणसाची ओळख तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असते. बहुतेकांच्या बाबतीत मुळाशी लहानपणी सोसलेले अत्याचार असतात. जे सहन होत नाही ते भिंतीपलीकडे ठेवून ते पोर जगतं. अशा रुग्णापासून धोका असलाच, तर तो बहुधा त्याच्या स्वतःच्या जिवाला. चित्रपटाला हे ठाऊक नाही असं नाही, केविनची क्रूर आई तो ओझरती दाखवतो. आणि मग त्याच पोराला भिंतीवर चढणारा नरभक्षक करून मोकळा होतो!

तुम्ही म्हणाल, अहो, गोष्टच ती, एवढं काय मनावर घेता? घेतो. आमच्या शेजारच्या एक बाई मनोविकाराच्या गोळ्या घेतात. गावात औषधाचं दुकान असूनही बस पकडून दुसऱ्या गावी जातात; इथे कुणाला कळू नये म्हणून. जत्रेत कुणाच्या अंगात भार आला, आवाज बदलला, की आपण हात जोडतो. तोच माणूस डॉक्टरकडे गेला, की त्याच्यापासून चार हात लांब राहतो. असल्या गोष्टी ते अंतर वाढवतात.

पण याहून मोठा राग पुढेच आहे. श्वापदाचा न्याय असा, की ज्यांनी दुःख भोगलं नाही ते अपवित्र, म्हणून भक्ष्य. केसीच्या अंगावरचे जुने वळ दिसतात आणि तो तिला सोडून देतो. म्हणजे तिच्यावर झालेला अत्याचार हाच तिचा परवाना! बाकीच्या दोघी मेल्या, कारण त्या सुखात वाढल्या. हे म्हणे दुःखितांचं कौतुक. मला यात कौतुक दिसत नाही. सोसलेल्या पोरीला बिल्ल्याची गरज नसते, सोडवणाऱ्याची असते.

आणि तो अत्याचार केला कुणी? तिच्या काकाने. बाप गेल्यावर तोच पालक. त्याला तेवीस व्यक्तिमत्त्वं नाहीत, एकच आहे, चारचौघांसारखं. शेवटी सुटून आलेल्या केसीला पोलीस बाई सांगते, की काका न्यायला आलाय. केसी नुसती बघत राहते. हा सबंध चित्रपटातला सर्वांत भयंकर क्षण! आणि श्यामलन काय करतात? तिला तिथेच सोडून एका उपाहारगृहात जातात आणि २००० सालच्या स्वतःच्याच ‘अनब्रेकेबल’मधला ब्रूस विलिस दाखवून टाळ्या घेतात.

दोन तास आपण तळघरातल्या कोंडणाऱ्याला भ्यायलो. घरातला कोंडणारा बाहेर वाट पाहत उभा होता, आणि त्याच्यासाठी ना पार्श्वसंगीत वाजलं, ना कुणी किंचाळलं. वाड्यावाड्यांतून हेच चालतं. वेड्याला सगळे भितात. काकाला पाट मांडून जेवायला वाढतात.

असो. चित्रपट जरूर पाहा. फक्त भ्यायचं कुणाला, ते एकदा नीट ठरवून बसा.