व्हिस्कीचे सरबत आणि मापातले पाप

दिवाळीच्या दिवसांत या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख ठरलेला असतो. अनारशाला जाळी का पडत नाही, चकली दुसऱ्या दिवशी मऊ का पडते, पाक एकतारी झाला हे ओळखावे कसे! यंदा मात्र एक निराळेच पत्र आले. लिहिणाऱ्या भगिनी मुंबईच्या. चिरंजीव आणि सूनबाई अमेरिकेत असतात, ती दोघे दिवाळीला घरी येत आहेत, आणि येताना बर्बन व्हिस्कीची बाटली आणून घरच्या घरी 'व्हिस्की सावर' करण्याचा त्यांचा बेत आहे. भगिनी स्वतः घेत नाहीत. पण आपल्या स्वयंपाकघरात जे काही व्हायचे ते नीट व्हावे, एवढीच त्यांची अपेक्षा. हा विचार आम्हांला इतका पटला की यंदाचे पान त्यालाच द्यायचे ठरवले.

आधी एक खुलासा. जे घेत नाहीत त्यांनी हे वाचून सुरुवात करावी असा आमचा मुळीच आग्रह नाही. आणि जे घेतात त्यांनीही लक्षात ठेवावे की मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा केवळ नाव बदलून महाराष्ट्रात अजून चालू आहे. त्याप्रमाणे मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, आणि व्हिस्कीसारख्या कडक मद्यासाठी वयाची 25 वर्षे पुरी व्हावी लागतात. तेव्हा घरातल्या कॉलेजकुमारांनी हे पान फक्त ज्ञानवृद्धीसाठी वाचावे.

आता मूळ प्रश्न. व्हिस्की सावर म्हणजे व्हिस्की, लिंबाचा रस आणि साखर. यादी इथेच संपते! इंग्रजीत 'सावर' म्हणजे आंबट. न्यूयॉर्कचा जेरी टॉमस हा एकोणिसाव्या शतकातला नावाजलेला बारटेंडर. 1862 साली त्याने मिश्र पेयांच्या कृतींचे पुस्तक छापले, त्यात या 'सावर' जातीच्या पेयांना जागा दिली आहे. म्हणजे आपल्याकडे 1857 चा धुरळा खाली बसत होता, तेव्हा अमेरिकेत हे आंबटगोड पेल्यांतून फिरत होते.

पण त्याच्या मागे गेले तर वाट थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले इंग्रज इथे 'पंच' नावाचे पेय मोठ्या भांड्यात करून सगळ्यांमिळून पीत. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा एक डॉक्टर 1670 च्या दशकात सुरत-मुंबईकडे होता. 1675 मध्ये तो जुन्नरलाही जाऊन आला. शिवाजी महाराजांच्या काळातल्या आपल्या मुलखाची वर्णने त्याने लिहून ठेवली, ती 1698 मध्ये लंडनला छापली गेली. त्याच पुस्तकात तो सांगतो, की या पेयात पाच जिन्नस पडतात म्हणून त्याला इथल्या भाषेतल्या पाचावरून नाव मिळाले. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला, असे हे पाच. ही व्युत्पत्ती सगळ्याच पंडितांना मान्य नाही. पण जिन्नस पाहिले की मद्य सोडून बाकीचे आपल्या सरबताचेच आहेत, हे कोणीही कबूल करील. पुढे ते मोठे भांडे आटत आटत एका माणसाच्या पेल्याएवढे झाले, मसाला गळाला, पाणी बर्फाच्या रूपाने उरले, आणि सावर तयार झाले.

यात बर्बनच का घ्यायची? बर्बन ही अमेरिकेची व्हिस्की. केंटकी राज्य तिच्यासाठी प्रसिद्ध असले तरी ती अमेरिकेत कुठेही केलेली चालते. बाहेर केलेली मात्र चालत नाही. 1964 मध्ये तिथल्या काँग्रेसने ठराव करून बर्बन हे खास अमेरिकेचे उत्पादन असल्याचे जाहीर केले. तिच्यासाठी वापरलेल्या धान्यात निदान 51 टक्के मका असावा लागतो, आणि ती आतून जाळून कोळसलेल्या, कोऱ्या ओक लाकडाच्या पिंपात ठेवावी लागते. वरून रंग किंवा गोडवा घालण्याची मुभा नाही. तिचा तांबूस रंग लाकडाचाच, आणि व्हॅनिलाची, करपट साखरेची झाक तीही लाकडाचीच. लिंबाशी तिचे जमते ते या गोडसर स्वभावामुळे. जवाची, धुराचा वास असलेली स्कॉच घेतली तर लिंबू आणि धूर यांची पेल्यातच जुंपते. आपल्याकडच्या बऱ्याच व्हिस्कीत उसाच्या मळीपासूनचे मद्यार्क असते; तिचे सावर होत नाही असे नाही, पण चव निराळी लागते, एवढे धरून चालावे.

आता लिंबाकडे येऊ, कारण या पेयाचा खरा कस तिथेच लागतो. अमेरिकेतले 'लेमन' म्हणजे मोठे, पिवळेधमक, जाड सालीचे फळ. आपले कागदी लिंबू चणीने लहान, पातळ सालीचे आणि वासाला तिखट. त्यामुळे तिकडची कृती तंतोतंत इकडे आणली तर पेय जरा उग्र होते. रस एक चमचा कमी घालून सुरुवात करावी, चाखावे, मग वाढवावा. लिंबू चिरण्यापूर्वी तळहाताखाली ओट्यावर लाटून घ्यावे. बी चिरडू नये आणि सालीचा पांढरा भाग जोर करून पिळू नये, नाहीतर कडवटपणा उतरतो. रस ऐनवेळी काढावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बारमध्ये तयार बाटलीतले, भुकटीचे 'आंबट मिश्रण' वापरण्याची साथ आली आणि सावरचे नाव खराब झाले. पुढे ताज्या लिंबाची आठवण झाली तेव्हा त्याची पत परत आली. ज्या घरात रोज लिंबू चिरले जाते त्या घराला ही गोष्ट कोणी शिकवायला नको.

साखर कोरडी घालू नये. गार मद्यात ती विरघळत नाही, तळाशी बसून राहते, आणि मग पहिला घोट आंबट तर शेवटचा गोळीबंद गोड. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन किंचित गरम करावे. साखर विरघळली की उतरवावे. तार बघत बसू नये, हा पाक लाडवाचा नव्हे. गार करून स्वच्छ बाटलीत भरून ठेवला तर शीतकपाटात आठ-पंधरा दिवस टिकतो, आणि उरला तर सरबताला आहेच.

बारटेंडरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या पेयाचे माप ठरवून दिले आहे. बर्बन 45 मिलिलिटर, लिंबाचा रस 25 आणि पाक 20. चहाचा चमचा पाच मिलिलिटरचा धरला तर नऊ चमचे, पाच चमचे आणि चार चमचे. आपले कागदी लिंबू असेल तर चार आणि चार. चमच्यांचा कंटाळा असेल तर औषधाच्या बाटलीवर येणारे खुणा केलेले झाकण स्वच्छ धुऊन घ्यावे, त्याच्याइतके चोख माप घरात दुसरे नसते.

कृती अशी :

घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी घ्यावी. शेकर नसला तरी काही अडत नाही. लोणच्याची बरणी मात्र नको. कितीही घासली तरी ती आपली जात विसरत नाही. बरणीत रस, पाक आणि बर्बन या क्रमाने मोजून घालावे. स्वस्त जिन्नस आधी, म्हणजे हात चुकला तर महागाची बाटली वाया जात नाही. मग बरणी निम्म्याहून अधिक भरेल इतके बर्फाचे खडे घालून झाकण लावावे आणि बरणी फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा सेकंद दणकून हलवावी. चहाच्या गाळण्यातून पेल्यात गाळावे. बर्फ घातलेल्या पेल्यात गाळले तरी चालते. वर लिंबाच्या सालीचा पातळ तुकडा पिळून सोडावा, म्हणजे घोटाआधी वास पोचतो.

हलवण्याची ही कसरत दिखाऊ नाही. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, आणि ती उष्णता पेयातून जाते. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फाला मीठ लावले की तो शून्याच्या खाली गार करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इथे मिठाचे काम मद्यार्क करतो, म्हणून पेय बर्फापेक्षाही गार होऊ शकते. शिवाय वितळलेले पाणी पेयात मिसळते. ते पाणी म्हणजे भेसळ समजू नये. तेवढ्या पाण्यावाचून लिंबू आणि मद्य दोन्ही जिभेला चावतात.

काही लोक यात अंड्याचे पांढरे घालतात, त्याने वर मलईसारखा फेस येतो आणि आंबटपणाची धार बोथट होते. तसे करायचे असेल तर आधी बर्फाशिवाय आणि मग बर्फ घालून, असे दोनदा हलवावे. पण कच्च्या अंड्यातून पोटाचा विकार होण्याचा धोका असतो, म्हणून वडीलधारी माणसे, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसे यांच्या पेल्यात ते नकोच. शाकाहारी घरात काबुली चणे शिजवलेले गार, बिनमिठाचे पाणी चार-पाच चमचे घालून पाहावे. फेस तसाच येतो आणि चण्याची चव लिंबाखाली दबून जाते.

इथपर्यंत पाककृती झाली. आता त्या भगिनींनी न विचारलेली, पण आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

नुसती व्हिस्की घशाला जाळते, आणि त्या जळण्यातच तिची राखण असते. माणूस जपून पितो. सावरमध्ये लिंबू आणि साखर ती राखणच काढून घेतात. पेय सरबतासारखे उतरते, आणि सरबतासारखेच दुसरे मागवले जाते. हिशेब करून पाहा. चाळीस टक्क्यांच्या बर्बनचे 45 मिलिलिटर म्हणजे 18 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, वजनात सुमारे 14 ग्रॅम. अमेरिकेत एक 'प्रमाण पेला' म्हणून धरतात तो एवढाच. सर्वसाधारण शरीराला तो निस्तरायला एक तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. कडक कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने त्यातले एक मिनिटही कमी होत नाही. आता यजमानांनी उदार मनाने डोळ्यांच्या अंदाजाने 45 ऐवजी 90 ओतले, तर पाहुण्याला वाटते एक झाला आणि शरीरात जातात दोन. शिवाय काही बर्बन पन्नास टक्क्यांच्या असतात. बाटलीवर '100 प्रूफ' लिहिले असले की अमेरिकेच्या हिशेबाने ती पन्नास टक्केच समजावी. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि ती ओलांडायला एखादा भरगच्च पेला पुष्कळ होतो. शरीराला मुळीच अपाय न करणारे असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे, तेही ध्यानात असावे.

वाण्याने मापात कमी दिले तर आपण त्याला मापात पाप म्हणतो. या पेयाचे पाप उलटे आहे. ते जास्त देण्यात आहे. आणि इथेच आपला मराठी स्वभाव आड येतो. आग्रह हा आपल्या पंगतीचा प्राण. "अहो, एक जिलबी घ्याच," "माझी शपथ आहे," असे म्हटल्याशिवाय यजमानाला जेवण झाल्यासारखे वाटत नाही, आणि पाहुण्यालाही दोनदा नको म्हटल्याशिवाय हो म्हणता येत नाही. जिलबीच्या बाबतीत याचे फार तर अजीर्ण होते. तीच रीत पेल्याला लावली की भावोजी स्कूटरला किल्ली लावताना जिना चुकतात, आणि वहिनी रात्रभर दाराकडे डोळे लावून बसतात. तेव्हा आग्रह लाडवाला करावा, चकलीला करावा, पेल्याला कधीही करू नये. नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. कोणी औषध घेत असेल, कोणी सोडलेली असेल, कोणाचे व्रत असेल. चारचौघांत कारण सांगायला लावणे हाही एक आग्रहच.

न घेणाऱ्याने हातात पाण्याचा पेला धरून कोपऱ्यात बसावे असेही नाही. 45 मिलिलिटर बर्बनच्या जागी तेवढाच कडक, गार केलेला कोरा चहा घ्यावा. रस, पाक, बर्फ आणि हलवणे सगळे तसेच. ओकच्या लाकडाचा तुरटपणा बर्बनला असतो, तो इथे चहा पुरवतो. रंग तोच, फेस तोच, पेला तोच. कोणाच्या हातात काय आहे हे ओळखू येत नाही, आणि ते ओळखू येऊच नये. बरण्या मात्र दोन ठेवाव्यात, म्हणजे गफलत होत नाही.

खाण्याचे म्हणाल तर फराळाइतका जोडीदार दुसरा नाही. शेव, चिवडा, कडबोळी आधी पोटात असावीत. रिकाम्या पोटी मद्य लवकर भिनते. ज्याला गाडी चालवायची आहे त्याचा पेला चहाचा, हे आधीच ठरवावे, नंतर ठरवणाऱ्याचे डोके ठिकाणावर असतेच असे नाही.

इंग्रजीत सावर म्हणजे आंबट, हे वर सांगितलेच. पण मराठीत सावर म्हणजे तोल सांभाळ. पेल्याचे नावच जर इतके शहाणे आहे, तर पिणाऱ्याने निदान एकदा ते मराठीत वाचावे. वाचकहो, दिवाळी आनंदाची जावो!