मीममधला 'ध'चा 'मा'

मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. ज्या मीममध्ये आकडे लिहिलेला ग्राफ आहे, त्याच्यामागे डेटा आणि तो ग्राफ काढणारा कोड असलाच पाहिजे. आणि कुणी मागितला तर तो दाखवता आला पाहिजे. नसेल, तर तो ग्राफ नव्हेच. ती एक थाप आहे, फक्त तिला दोन अक्ष काढलेत.

"अरे, मीमच आहे ना? एवढं काय सीरियसली घेतोस?" हा प्रश्न येणार हे माहीत आहे. त्याच्याकडे येतोच. आधी जरा आपल्या जमातीबद्दल बोलू.

ऑफिसात एका ओळीचा बदल करायचा तर आपण रीतसर पुल रिक्वेस्ट टाकतो. दोघं जण रिव्ह्यू करतात, त्यातला एक हमखास व्हेरिएबलच्या नावावरून डोकं खातो. टेस्ट पास झाल्याशिवाय मर्ज होत नाही. आणि तोच इंजिनियर शनिवारी सकाळी चहा पिता पिता मोबाइलवरच्या एखाद्या ॲपमध्ये अंदाजाने दोन खांब ओढतो. एकाखाली 'तेव्हा', दुसऱ्याखाली 'आता'. वर सिनेमातला एक फोटो, जाड अक्षरात एक डायलॉग, की झालं! आकडे कुठून आले? "असंच काहीतरी वाचलं होतं रे." हे काहीतरी मग मित्रांच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून कुणाच्या तरी काकांकडे जातं. काकांना तो विनोद आहे हे कळत नाही. त्यांना दिसतो तो ग्राफ. आणि ग्राफ म्हणजे शाळेपासून आपल्याला शिकवलेलं खरं.

इथे एक फरक स्पष्ट करतो, नाहीतर विनोदाचा शत्रू म्हणून माझीच मीम निघतील :) ग्राफवाली मीम दोन जातींची असतात. पहिली जात म्हणजे 'सोमवार सकाळ' आणि 'जगण्याची इच्छा' यांच्यातला उलटा संबंध दाखवणारी रेघ. तिच्यावर आकडे नाहीत, वर्षं नाहीत. ती बघून कुणी फ्लॅट बुक करत नाही की औषध बंद करत नाही. ही मीम मला मनापासून आवडतात आणि ती बिनधास्त करावीत. मॅटप्लॉटलिबमध्ये तर २०१३ पासून खास त्यासाठी सोय आहे. एक्सकेसीडी या कॉमिकच्या धर्तीवर हाताने काढल्यासारख्या थरथरत्या रेघा एका ओळीच्या कोडने मिळतात. ती थरथरती रेघच बघणाऱ्याला सांगते की बाबा रे, ही गंमत आहे.

माझं भांडण दुसऱ्या जातीशी आहे. तिच्यावर आकडे असतात, टक्केवारी असते, वर्षं असतात. रेघ अगदी सरळ, पट्टीने मारलेली. म्हणजे बोलायचं पुराव्याच्या भाषेत आणि पकडलं की म्हणायचं, "गंमत होती." हे चालणार नाही. आकडा लिहिलात तिथे गंमत संपली.

आता एक हिशोब करून बघा. समजा एका भागात घरांचा भाव चौरस फुटाला ९,२०० वरून ९,६०० रुपये झाला. म्हणजे वाढ साधारण ४.३ टक्के. पण ग्राफचा उभा अक्ष शून्याऐवजी ९,००० पासून सुरू केला, तर पहिला खांब २०० उंचीचा आणि दुसरा ६०० उंचीचा दिसतो. तिप्पट! वर एखाद्या घाबरलेल्या नटाचा फोटो आणि 'अजून वाट बघ' अशी ओळ टाकली की काम फत्ते. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या पुस्तकात अशा प्रकारासाठी एक साधं माप दिलं आहे. चित्रात दिसणारा बदल भागिले डेटातला खरा बदल. प्रामाणिक ग्राफमध्ये उत्तर १ च्या आसपास यायला हवं. आपल्या उदाहरणात चित्रातला बदल २०० टक्के, खरा ४.३ टक्के. उत्तर येतं जवळजवळ ४६.

आणि गंमत म्हणजे यात एकही आकडा खोटा नाही! आपल्याकडे नारायणराव पेशव्यांच्या १७७३ च्या खुनाबद्दल आख्यायिका आहे ना, की 'धरावे' मधल्या 'ध'चा कुणीतरी 'मा' केला? कागद तोच, मजकूर तोच, अक्षर एकच बदललं. अक्ष कुठून सुरू होतो हे ग्राफमधलं ते एक अक्षर आहे.

म्हणूनच मी म्हणतो की हा उद्योग कोडने करा. कोड लिहिणारा सत्यवचनी असतो म्हणून नव्हे, तर कोडमध्ये 'ध'चा 'मा' करायला एक वेगळी ओळ लिहावी लागते म्हणून. मॅटप्लॉटलिबमध्ये खांबांचा ग्राफ आपणहून शून्यापासूनच सुरू होतो. तो ९,००० वर कापायचा तर तसं लिहून सांगावं लागतं. आरमधल्या जीजीप्लॉट-२ ची तऱ्हा तर आणखी मजेशीर. अक्षाची मर्यादा थेट ९,००० पासून ठेवलीत तर खांब चक्क गायब होतात आणि वॉर्निंग येते, कारण खांबाचा पाया शून्यावर असतो आणि तो मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो. खांब कापून दाखवायचाच असेल तर वेगळं फंक्शन वापरावं लागतं. म्हणजे लबाडी करायची तर मुद्दाम करावी लागते, आणि केल्यावर ती ओळ तिथेच बसून राहते. मोबाइलवर बोटाने ओढलेल्या खांबात अशी ओळ कुठे सापडणार?

बरं, साधनंही काही नवी नाहीत. आरसाठी 'मीमरी' नावाचं पॅकेज आहे, जे फोटो, ओळ आणि ग्राफ हे तिन्ही एकाच फंक्शनमध्ये जोडून देतं. पायथॉनमध्ये मॅटप्लॉटलिब आणि पिलो एवढ्यावर भागतं. वीस-पंचवीस ओळींचं काम. ज्याला लूप लिहिता येतो त्याला हे येतं.

आता आक्षेप.

पहिला आक्षेप: "अक्ष शून्यापासून ठेवला की झालं ना?" नाही झालं. डिसेंबर २०१५ मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकाने हवामानबदलाबद्दल एकच ग्राफ पुरे अशा थाटात ट्विटरवर एक चित्र टाकलं. पृथ्वीचं सरासरी तापमान १८८० पासून फॅरनहाइटमध्ये, आणि उभा अक्ष उणे १० ते ११०. रेघ अर्थातच जमिनीसारखी सपाट. आता ह्याच अक्षावर घरातल्या लहान मुलाचा ताप काढून बघा. ९८.६ वरून १०४ झाला तरी रेघ जेमतेम साडेचार टक्के वर सरकेल. आपण काय म्हणणार, ताप नाहीच? खांबाची लांबी हीच किंमत असते, म्हणून तो शून्यापासून हवा. रेघेला तो नियम नाही. तिथे किती फरक म्हणजे खरोखर मोठा फरक, हे कळावं लागतं. हे ठरवणं आपलं काम आहे आणि ते काय ठरवलं हे लोकांना दिसलं पाहिजे.

दुसरा आक्षेप: "कोडने काढलेले ग्राफही चुकतात." अगदी मान्य. मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या आरोग्य खात्याने कोविडचा एक ग्राफ दाखवला, त्यात रुग्ण छान उतरत्या क्रमाने कमी होत होते. कारण आडव्या अक्षावरच्या तारखाच उतरत्या रुग्णसंख्येप्रमाणे लावल्या होत्या! एप्रिलच्या तारखा मेच्या मध्ये. आकडे खरे, काळ मात्र उलटसुलट. पण बघा, तारखा लिहिलेल्या होत्या म्हणून लोकांना ते दिसलं, आरडाओरड झाली आणि ग्राफ बदलावा लागला. नुसते 'तेव्हा' आणि 'आता' लिहिलं असतं तर कोण काय पकडणार होतं? कोड, डेटा, तारखा यांनी चूक टळते असं नाही. चूक सापडते. आपल्या धंद्यात यालाच रिव्ह्यू म्हणतात.

तिसरा आक्षेप, सगळ्यांचा लाडका: "एवढं सगळं केलं तर मीमची मजा जाईल." मग एड हॉकिन्स यांचे पट्टे बघा. हे ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ. २०१८ मध्ये त्यांनी प्रत्येक वर्षासाठी एक उभा पट्टा अशी चित्रं काढली. थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. बस्स. पुढे ते पट्टे टायवर, गाड्यांवर, मफलरवर सगळीकडे पोचले. याच्याइतकं यशस्वी ग्राफ-मीम दुसरं दाखवा. "पण त्यावर तर अक्षही नाही, तुझ्या नियमात कसं बसतं?" बसतं. २०१९ पासून त्यांची वेबसाइट आहे. तिथे आपला देश निवडा, पट्टे घ्या, अक्ष आणि आकडे असलेलं चित्रही घ्या, डेटा कुठला आहे तेही वाचा. फोटो चारचौघांत मिरवतो आणि हिशोब मागे तयार असतो. मजा कुठे गेली?

आता खास आपला प्रश्न. मराठी ओळ. कित्येक जण कोड सोडून मोबाइल ॲपकडे पळतात ते इथेच ठेच लागते म्हणून. मीमचा तो प्रसिद्ध जाडजूड इम्पॅक्ट फॉन्ट रोमन लिपीसाठीचा, त्यात देवनागरी नाही. मॅटप्लॉटलिबने वर्षानुवर्षं आपल्या जोडाक्षरांचे तुकडे पाडले. पिलोच्या साध्या मांडणीत 'किंमत' लिहिलं की पहिली वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसते. याला उपाय आहे, आणि तो अवघड नाही. पिलोमध्ये २०१७ पासून रक्म या लायब्ररीचा आधार आहे, ती चालू केली की मात्रा आणि जोडाक्षरं जागेवर येतात. फॉन्ट म्हणून मुंबईच्या एक टाइपचा 'बालू' घ्या, चांगला गुटगुटीत आणि फुकट आहे. ग्राफ मॅटप्लॉटलिबने आणि मराठी ओळ पिलोने, असं दोन टप्प्यांत केलं की काम होतं. "मराठी नीट येत नाही म्हणून स्क्रीनशॉट मारला" ही सबब निदान इंजिनियरने तरी सांगू नये.

आणि शेवटची व्यवहाराची गोष्ट. आकडे कुठले, हे चित्राच्या मेटाडेटात लिहून उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ती माहिती गळून पडते. खाली कोपऱ्यात लिहिलंत तर कुणीतरी तेवढंच कापतं. म्हणून उगम, वर्ष आणि अक्ष कापला असेल तर तसं, हे ग्राफच्या चौकटीच्या आत, वाचता येईल अशा अक्षरात छापा. दर वेळी हाताने लिहायला कंटाळा येतो ना? मग स्क्रिप्टमध्येच टाका. उगम दिला नाही तर चित्रच सेव्ह होणार नाही, अशी एक अट घाला. आठवडाभर दुसऱ्यांच्या फॉर्मवर लाल चांदण्या लावून 'हे भरणं आवश्यक' म्हणणारे आपण, एक स्वतःलाही लावू.

थोडक्यात काय, तर आकडे असतील तिथे डेटा दाखवा. डेटा नसेल तर थरथरती रेघ काढा आणि खुशाल हसवा. पण दोन्हीकडून खाऊ नका. आपण चौघं ज्याला गंमत समजतो त्याच्यावर पलीकडे कुणीतरी पैसे लावतं, औषध सोडतं, नाहीतर शेजाऱ्याशी भांडतं. पट्टीने मारलेली रेघ खरी असते, असं त्या माणसाला वाटतं. तो विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या गणिताच्या मास्तरांनी कमावलाय, आपण नाही. दोन लाइकसाठी तो उडवायचा आपल्याला काय अधिकार?

असो. कमेंटमध्ये भांडायला या, पण येताना डेटा घेऊन या :)