फोनवरचा आहारसल्ला : सोय खरी, पण...

‘डाएट लावलंय गं, पुण्याच्या मॅडमचं. सगळं फोनवरच!’ हळदीकुंकवात हल्ली हे वाक्य हमखास कानावर पडतं. मग प्रश्न येतो, न बघता दिलेला सल्ला कितपत खरा?

२०२०च्या टाळेबंदीत ही पद्धत घरोघरी पोचली. त्या वर्षी २५ मार्चला दुरून उपचार देण्याची नियमावली आली, पण ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी होती. आहारतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिक म्हणून कायद्यात जागा मिळाली ती २०२१मध्ये. त्यामुळे फोनवर ‘डाएट’ देणाऱ्या प्रत्येकीनं ते शिक्षण घेतलेलं असतंच असं नाही. पदवी विचारायला संकोच कसला?

ज्या आहारतज्ज्ञांशी मी बोलले, त्यांच्यात दोन मतं दिसली. काही म्हणतात, समोर बसल्याशिवाय खरं कळत नाही. वजन, कमरेचा घेर, पांढुरकी नखं, पायावरची सूज फोनवर नीट दिसत नाही. आपल्याकडे हे महत्त्वाचंच. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता.

दुसऱ्या म्हणतात, व्हिडिओवर स्वयंपाकघरच दिसतं! ‘एक वाटी’ म्हणजे केवढी, तेलाचा डबा किती दिवसांत संपतो, हे तिथल्या तिथे कळतं. शिवाय एसटीचं भाडं वाचतं, मजुरीचा दिवस बुडत नाही, म्हणून बाई पुन्हा पुन्हा संपर्कात राहते. आहार बदलायचा तर हा पाठपुरावाच उपयोगी पडतो.

मला मात्र तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. घरात फोन लावला की सासूबाई, मुलं कान देऊन असतात. ‘मी सगळ्यांत शेवटी, उरलंसुरलं जेवते’ हे तिथे कोण बोलणार? दवाखान्यात नवरा शेजारी बसला तरी तीच गत. म्हणजे प्रश्न फोनचा की दवाखान्याचा एवढाच नाही. बाईला मोकळेपणानं बोलता येतं का, हाही आहे.

म्हणून मधला मार्ग बरा. पहिली भेट शक्यतो समोरासमोर, पुढच्या फोनवर. तेही जमत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासून ते आकडे आधी कळवा. गरोदरपण, किडनीचा आजार किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर आहार बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचाराच. इन्शुलिन चालू असताना जेवण एकदम कमी केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

आणि ओट्स, ब्रोकोलीची यादी हातात पडली, तर सरळ सांगा, ‘मॅडम, आमच्याकडे ज्वारी, नाचणी, मटकी, शेवगा मिळतो. त्यात बसवून द्या.’ जी बसवून देईल ती खरी आहारतज्ज्ञ, मग ती समोर असो वा फोनवर!